लामूला जाण्यापूर्वी

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढच्या सहलीसाठी केनियातल्या लामू बेटाचं नाव मीच सुचवलं, तेव्हा तयारीची माहितीही मीच द्यावी, असा कार्यकारिणीचा आदेश आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

2019 मध्ये आम्ही सहा जण लामूला गेलो होतो. आयोजक मीच. आमच्यातल्या एका मावशींना पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस निघण्याच्या जेमतेम तीन दिवस आधी मिळाली. या लसीचा दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. आम्ही परतलो तो त्यांचा नववा दिवस. पाच जण घरी गेलो आणि मावशी एकट्या विलगीकरण कक्षात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं बारसं होतं. नियम योग्य होता, अधिकारीही सौजन्याने वागले. दिवस मोजायला चुकलो तो मी. मावशी माझ्याशी आजही हसून बोलतात, पण कुणाच्या बारशाचं आमंत्रण आलं की मला ते आठवतं.

म्हणून पहिलं काम लस. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि गर्दी असते, तेव्हा महिनाभर आधी नाव नोंदवा. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. मात्र साठीपुढच्या मंडळींना या लसीचा धोका थोडा जास्त असतो. त्यांनी, तसंच अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. डॉक्टर नको म्हणाले, तर त्या व्यक्तीचं तिकीट काढायचं नाही. भिडेपोटी कुणी हो म्हणू नये. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

एवढा खटाटोप कशासाठी? लामू हे सातशे वर्षांहून अधिक काळ नांदतं असलेलं स्वाहिली गाव. 2001 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. घरं प्रवाळाच्या दगडांची, छताला खारफुटीचे वासे, दारं कोरीव लाकडाची आणि दाराशी बसायला दगडी बाक, अगदी आपल्या ओट्यासारखे. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरतच नाही. ओझी गाढवं वाहतात. किनाऱ्याजवळचा किल्ला 1821 च्या सुमारास पुरा झाला.

ईशान्येच्या वाऱ्याला तिथे ‘कास्काझी’ म्हणतात, दक्षिणेकडच्या वाऱ्याला ‘कुसी’. याच वाऱ्यांवर पश्चिम भारताची गलबतं तिकडे जात आणि परतत. त्यामुळे साबणाला ‘साबुनी’, दुकानाला ‘दुका’, वकिलाला ‘वकिली’ ऐकलं की परकं वाटत नाही. न्याहारीला तुरीचे दाणे नारळाच्या रसात शिजवून देतात. शाकाहारी मंडळींनी निश्चिंत असावं.

आता प्रवास. एप्रिल-मे टाळायचे, तो तिकडचा मोठा पावसाळा. 2024 पासून व्हिसाऐवजी इ-टीए हा ऑनलाइन परवाना लागतो. तिकिटाआधी नियम पुन्हा एकदा तपासू. नैरोबीहून छोट्या विमानाने शेजारच्या मांडा बेटावर उतरायचं आणि तिथून होडीने लामू. या विमानांत साधारण पंधरा किलोच सामान नेता येतं, म्हणून कडक सूटकेस नको, कापडी बॅग हवी. चिवडा-लाडू डब्यांतून न्या. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे.

रस्त्याने जाण्याचा विचार कुणी करू नये, स्वस्त पडला तरी. 2011 मध्ये मांडा बेटावरून एका परदेशी महिलेचं अपहरण झालं होतं आणि 2014 मध्ये लामू जिल्ह्यातल्या म्पेकेटोनी गावावर भीषण हल्ला झाला. मुख्य भूमीवरचा धोका अजून पुरता सरलेला नाही. निघण्याच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना पाहू. ती प्रतिकूल असली तर सहल रद्द. गेलेले पैसे परत मिळवता येतात.

घड्याळाचंही सांगतो. स्वाहिली तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. होडी ‘म्बिली’ला, म्हणजे दोनला सुटेल असं कळल्यावर आम्ही दुपारी दोनला धक्क्यावर हजर. होडी सकाळी आठलाच गेली होती! मांडावरचे ताक्वाचे अवशेष बघायला भरतीची वेळ साधावी लागते, ती त्या दिवशी हुकली. तेव्हा दर वेळी ‘सकाळी की दुपारी?’ एवढं विचारा.

शेवटचं. गाव श्रद्धाळू मुसलमानांचं आहे. अंगभर कपडे घाला, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ नका. आपल्या मांडवात येणाऱ्या पाहुण्याकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, तेवढीच त्यांची आहे.

नावनोंदणी आरतीनंतर चिटणीसांकडे करावी. नावासमोर मी आता लसीची तारीखही लिहून घेणार आहे, आणि या वेळी दिवस दोघांनी मोजायचे.

गणपती बाप्पा मोरया!