थरथर कुठून येते?



मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली. पण आपल्यापैकी काहींच्या दारात कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी अजून उभी आहे. वसईहून महामार्गाला लागून ८० चा वेग घेतला की ती थरथरते.

स्टेअरिंग थरथरलं तर आधी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग करा. सीट थरथरली तर मागची चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट तपासा. तरीही थरथर राहिली तर सस्पेन्शनचे रबरी बुश पाहा. चिरलेले असतील तर दोन्ही बाजूंचे बदला; मात्र बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच. गाडी जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बुश सैल असलेली गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढू शकते, आणि आत आपलीच माणसं असतात.