अकारी : कागद, बांबू आणि उजेड

जपानी भाषेत ‘अकारी’ म्हणजे उजेड. शिल्पकार इसामु नोगुची (१९०४–१९८८) यांनी हातकागदाच्या आपल्या दीपशिल्पांना हेच नाव दिले. उजेडाबरोबरच वजनाने हलके असणेही त्यांना या नावात अभिप्रेत होते.

नोगुची यांचा जन्म लॉस एंजेलिसचा; वडील जपानी कवी, आई अमेरिकी लेखिका. १९२७ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये शिल्पकार ब्रांकुशी यांच्या शिल्पशाळेत उमेदवारी केली. दगडात रमलेला हा माणूस कागदाकडे वळला तो १९५१ मध्ये, जपानमधल्या गिफू शहरात. नागारा नदीवर मशालीच्या उजेडात पाणकावळ्यांकरवी चालणारी मासेमारी आणि कागदी कंदील यांसाठी हे शहर प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर कंदिलांचा धंदा बसला होता. तो सावरण्यासाठी महापौरांनी त्यांना मदत मागितली आणि ओझेकी यांच्या कंदिलांच्या कारखान्यात काम सुरू झाले.

कंदिलाचा कागद तुतीच्या जातीच्या ‘कोझो’ झुडपाच्या आतल्या सालीचा. साल शिजवतात, निवडतात, कुटतात. लगदा पाण्यात कालवून बारीक चाळणीवर झेलतात. धागे लांब राहत असल्याने कागद पातळ असूनही चिवट होतो. याच धाग्यांवर दिव्याचा प्रकाश विखुरतो. त्यामुळे दिवा डोळ्यांत खुपत नाही. सारा कागदच उजळतो.

दिवाळीचा आकाशकंदील करणारे हात आधी कामट्यांचा सांगाडा बांधतात आणि त्यावर कागद चिकटवतात. गिफूत सांगाड्याच्याही आधी साचा येतो. लाकडी फळ्यांच्या साच्यावर बांबूची बारीक कामटी मळसूत्रासारखी गुंडाळतात, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. खळ वाळली की साच्याच्या फळ्या सुट्या करून तोंडातून बाहेर काढतात. उरतो तो घडी घालता येणारा पोकळ आकार. कामट्यांमधले अंतर काही नमुन्यांत नोगुची यांनी मुद्दाम कमीजास्त ठेवले. मेणबत्तीच्या जागी त्यांनी विजेचा दिवा बसवला.

गिफूच्या जुन्या कंदिलांवर फुले-पाने रंगवलेली असत. नोगुची यांनी बहुतेक अकारी कोरेच ठेवले, म्हणून नजर कागदाच्या पोतावर आणि कामट्यांच्या रेषांवर जाते. दिवा लावला की याच रेषा गडद होऊन चित्राचे काम करतात. काही अकारींवर मात्र त्यांनी कुंचल्याने अमूर्त आकृत्या काढल्या. विझलेल्या दिव्यावर त्या कागदावरच्या शाईसारख्या दिसतात. पेटल्यावर उजेडात तरंगल्यासारख्या वाटतात.

नमुने शंभराहून अधिक झाले: गोल, चौकोनी, उंच खांबासारखे. १९८६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत अमेरिकेच्या दालनात संगमरवरी ‘स्लाइड मंत्र’ या घसरगुंडीच्या शिल्पासोबत हे कागदी दिवेही मांडले होते. त्या घसरगुंडीचे नाते नोगुची यांनी भारतात पाहिलेल्या जंतरमंतरशी आहे. घरात टांगायचा दिवा शिल्प कसा, हा आक्षेप त्यांनी मानला नाही. त्यांच्या लेखी शिल्प म्हणजे जागेला आकार देणे, आणि ते काम दगडाइतकेच उजेडही करतो.

ओझेकींच्या कारखान्यात अकारी आजही हातानेच तयार होतात.