दंडावरील चकती
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)

गतवर्षी आम्ही वर्गणी भरून रक्तशर्करेचे अहोरात्र मापन करणारी चकती दंडावर लावून घेतली. एक चकती सुमारे 14 दिवस टिकते. पुरणपोळीने साखर चढते हे ठाऊकच होते. निरुपद्रवी वाटणाऱ्या पोह्यांनीही ती चढते, हे मोबाईलवरील आलेखाने दाखविले. एके रात्री मात्र 'साखर 54' असा इशारा वाजला. घरचे गूळपाणी घेऊन धावले. सूनबाईंनी आधी बोट टोचून पाहिले, तो 118! आम्ही त्याच कुशीवर निजल्याने चकती दबली होती. शिवाय ती त्वचेखालील द्रवातील साखर मोजते. आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. वर्गणी घेताना हे कोणी सांगितले नव्हते. वाशिमहून फोन केला, उत्तर दुसऱ्या दिवशी आले. पुढील वर्गणी आम्ही भरली नाही. दिवाळीच्या फराळात मात्र एक चकती लावणार आहोत, बोट टोचण्याचे यंत्र उशाशी ठेवून.