पिंग होतंय, तरी मेल जात नाही

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे. पण ज्यांना मेनफ्रेमचा 'म'सुद्धा माहीत नाही त्यांनीही थांबा, कारण ही भानगड तुमच्या लॅपटॉपवरही होऊ शकते. आणि हिंजवडीत किंवा ऐरोलीत नाइट शिफ्टला बसून परदेशातल्या बँकांचे बॅच जॉब सांभाळणारे तुमच्यापैकी बरेच असणार, त्यांच्यासाठी तर हा भाग आहेच.

आमचा क्लायंट म्हणजे परदेशातली एक वित्तीय कंपनी. नाव सांगत नाही. रोज रात्री त्यांच्या झेड-ओएसवर खात्यांचा ताळमेळ लावणारा एक जॉब चालतो. आकडे जुळले नाहीत तर त्यांच्या टीमला मेल जातो. जुळले तर काहीच जात नाही. म्हणजे सकाळी मेल नाही याचा अर्थ सगळं ठीक. इथेच खरी गोम आहे, पण त्यावर नंतर येतो.

एका शनिवार-रविवारी त्यांच्या नेटवर्क टीमने जुना डीएनएस सर्व्हर बंद केला आणि नवा आणला. सोमवारी रात्री सगळे जॉब हिरवे, रिटर्न कोड शून्य. मंगळवारीही तसंच. बुधवारी कुणीतरी सहज रिपोर्ट उघडला, तर दोन्ही रात्रींचे फरक तिथे पडलेले. मेल गेलेच नव्हते.

आता नवीन लोकांना प्रश्न पडतो, मेल गेला नाही तर जॉब फेल का नाही झाला? कारण मेल पाठवणं हे जॉबचं कामच नसतं. जॉब फक्त पत्र लिहून जेईएसच्या स्पूलमध्ये टाकतो, सिसआउटला क्लास बी आणि रायटरचं नाव सीएसएसएमटीपी असं देऊन. लाल पेटीत पाकीट टाकलं, मोकळा झाला. पोस्टमन वेगळाच. तो म्हणजे सीएसएसएमटीपी हा प्रोग्रॅम, जो २००९ मध्ये झेड-ओएस १.११ सोबत आला. जुना एसएमटीपीडी आणि सेंडमेल २०१७ च्या २.३ व्हर्जनमध्ये काढून टाकले, त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी हाच. तो स्पूलमधून पत्र उचलतो आणि कॉन्फिगमध्ये लिहिलेल्या मेल सर्व्हरकडे देतो. तिथे तुम्ही सर्व्हरचा आयपी देऊ शकता किंवा नाव देऊ शकता. नाव दिलं असेल तर आधी त्या नावाचा आयपी शोधावा लागतो. आमचा पोस्टमन इथेच अडकला होता. त्याच्या लॉगमध्ये स्पष्ट होतं की टार्गेटचं नाव रिझॉल्व्ह होत नाहीये.

मग नेहमीचा खेळ सुरू. सिस्टीम प्रोग्रॅमर सरांनी सीएसएसएमटीपीच्या प्रोसमध्ये सिसटीसीपीडी डीडी ज्या डेटासेटकडे बोट दाखवतो तो उघडला. त्यात नेमसर्व्हरचा पत्ता खरंच जुना होता. बदलला. टीएसओमधून पिंग केलं, उत्तर आलं. "माझ्याकडून झालंय, नेटवर्कला विचारा." नेटवर्कवाले म्हणाले, "आमच्याकडून रिझॉल्व्ह होतंय, मेनफ्रेमवाल्यांना विचारा." मेल अजून जात नव्हताच.

आता नीट ऐका. मेनफ्रेमवर टीसीपीआयपी डेटा नावाची फाइल सांगते की नावं कुणाला विचारायची. पण ही फाइल एकाच जागी नसते. ती शोधायचा एक क्रम असतो, आणि तो क्रम तुम्ही कुठून विचारता त्यावर ठरतो. टीएसओमधून विचारलं तर जुना एमव्हीएस क्रम: आधी ग्लोबल फाइल, मग सिसटीसीपीडी, मग पुढच्या. सीएसएसएमटीपी मात्र युनिक्सच्या क्रमाने जातो. त्यात ग्लोबलनंतर आधी रिझॉल्व्हर-कॉन्फिग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग ईटीसीमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, आणि त्यानंतर कुठे सिसटीसीपीडीचा नंबर.

त्या सिस्टीमवर ईटीसीमध्ये एक रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ पडलेली होती. कुणी, कधी ठेवली, देव जाणे. तिच्यात जुनाच डीएनएस. म्हणजे सरांनी दुरुस्त केलेला डेटासेट पोस्टमन उघडतच नव्हता! मशीन एकच, पण दोघांच्या हातात फोन डायऱ्या वेगवेगळ्या.

म्हणून "माझ्याकडून पिंग होतंय" या वाक्याला मी पुरावा मानत नाही. जो प्रोग्रॅम अडलाय त्याच्या जागेवरून विचारा. यासाठी रिझॉल्व्हर ट्रेस आहे. स्टार्टेड टास्कला किंवा जॉबला सिसटीसीपीटी नावाचा डीडी जोडा, यूएसएसमध्ये असाल तर रिझॉल्व्हर-ट्रेस व्हेरिएबल लावा. ट्रेसमध्ये सुरुवातीलाच येतं की कुठली फाइल वाचली, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात अक्षर असतं: जी म्हणजे ग्लोबल, एल लोकल, डी डिफॉल्ट. आम्हाला लोकलसमोर ईटीसीचा पाथ दिसला आणि दीड दिवसाचा वाद संपला. एनएसलुकअपवरही फार विसंबू नका बरं का. ते थेट डीएनएसला विचारतं, तुमच्या लोकल होस्ट फाइलमध्ये काय लिहिलंय ते बघत नाही.

दुरुस्ती काय केली? नेमसर्व्हरचा पत्ता ग्लोबल टीसीपीआयपी डेटामध्ये टाकला. ती दोन्ही क्रमांत पहिली, आणि ती असली की नेमसर्व्हरसाठी खालच्या फाइली विचारातच घेत नाहीत. मग मॉडिफाय कमांडने रिझॉल्व्हर रिफ्रेश केला आणि सीएसएसएमटीपीला रिफ्रेश-आयपी-लिस्ट दिली. स्पूलमध्ये अडकलेली पत्रं सुटली. कुणीतरी सुचवलं होतं की नावाऐवजी सरळ आयपीच लिहून टाकू. पहाटे तीनला मीही तेच करेन, पण सकाळी काढूनही टाकेन. उद्या मेल सर्व्हर हलला की हीच रात्र परत येणार.

एक उलटी केसही लक्षात ठेवा. कधी आपल्याला सर्व्हर सापडतो, पण सर्व्हरला आपण सापडत नाही. समोर पोस्टफिक्स असेल आणि ४५० कोडसोबत हेलो रिजेक्टेड, होस्ट नॉट फाउंड असं आलं, तर तुमचा मेनफ्रेम स्वतःची ओळख ज्या नावाने करून देतोय ते त्याच्या डीएनएसमध्ये नाही. ५०४ आला तर बहुधा नुसतं छोटं नाव सांगितलंय, पुढचं डोमेन नाही. तेव्हा आपला नेमसर्व्हर तपासत बसू नका, टीसीपीआयपी डेटामधली होस्टनेम आणि डोमेनची ओळ बघा. टीएसओमध्ये होमटेस्ट चालवलं की आपलं नाव काय दिसतंय ते कळतं.

आणि ती गोम. आता फरक शून्य असला तरी रोज मेल जातो, "आज फरक नाही" एवढीच ओळ. सकाळी नऊपर्यंत तो आला नाही तर त्यांनी आम्हाला फोन करायचा. त्यांच्या टीमला हे अजिबात आवडलेलं नाही, इनबॉक्समध्ये रोज एक मेल वाढला म्हणून. पण गेल्या महिन्यात नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला होता.

चला, भेटू पुढच्या भागात.