दूरचित्रवाणीवरील घड्याळे आणि ग्राहकाची सावधगिरी

(ग्राहक प्रबोधन शिबिरातील भाषण)



घरबसल्या वस्तू विकत घेण्याची सोय दूरचित्रवाणीने करून दिली आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १९८२ साली एका स्थानिक वाहिनीवर या विक्रीपद्धतीने मूळ धरले. भारतात चोवीस तास केवळ विक्रीसाठी चालणारी वाहिनी २००८ मध्ये आली. ही सोय मुळात वाईट नाही. बाजारपेठ दूर असलेल्या कुटुंबास तिचा उपयोगच होतो. परंतु दुकानात ग्राहक वस्तू हाती घेऊन पाहतो, शेजारच्या दुकानात भाव विचारतो. पडद्यासमोर मात्र त्याला विक्रेत्याच्या शब्दांवरच विसंबावे लागते. म्हणून त्या शब्दांची पारख आवश्यक ठरते. जावयाच्या मानपानासाठी अथवा निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या सत्कारासाठी आपल्याकडे घड्याळ हमखास घेतले जाते आणि त्याचे अंतरंग सहसा कोणी उघडून पाहत नाही. यास्तव घड्याळाचेच उदाहरण घेऊ.

पहिला दावा अचूकतेचा. क्वार्ट्‌झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला सामान्यतः ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे अत्यंत स्वस्त क्वार्ट्‌झ घड्याळही पुष्कळशा महागड्या चावीच्या घड्याळांपेक्षा अचूक वेळ दाखविते. दावा खरा असतो, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नसते.

दुसरा दावा ‘एकवीस ज्वेल्स’चा. ही रत्ने म्हणजे घर्षण कमी करण्यासाठी बसविलेले कृत्रिम माणकाचे लहानसे तुकडे होत. यंत्राला त्यांचा उपयोग आहे. दागिना म्हणून त्यांना मोल नाही. ‘सोन्याचा मुलामा’ या शब्दांचेही तसेच. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. ती न सांगता ‘सोनेरी गुंतवणूक’ म्हणणे ही दिशाभूल होय.

तिसरा दावा पाण्याचा. ‘तीस मीटर’ हा आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा असतो. असे घड्याळ हात धुताना उडणारे शिंतोडे सोसते. ते घालून विहिरीत सूर मारणे योग्य नव्हे. चौथा दावा ‘स्विस यंत्रा’चा. २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ‘स्विस मेड’ म्हणावयाचे तर उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधील असावा लागतो. जुळणी व अंतिम तपासणीही तेथेच व्हावी लागते. केवळ यंत्र स्विस असणे ही निराळी गोष्ट आहे.

मात्र सर्वांत परिणामकारक दावा असतो तो किमतीचा. पाच हजारांवर काट मारून पाचशे दाखविले जातात आणि कोपऱ्यात उरलेली मिनिटे धावू लागतात. कमाल किरकोळ किंमत शासन ठरवीत नाही. उत्पादक वा आयातदार ती छापतो. कायद्याने तीहून अधिक घेण्यास बंदी आहे. पण फुगविलेल्या किमतीतून वजा केलेली रक्कम म्हणजे बचत नव्हे. वस्तू सामान्यतः ज्या भावाने विकली जाते, त्याविषयी जनतेची दिशाभूल करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे.

या अधिनियमातील आणखी काही तरतुदी आपण ध्यानी ठेवाव्यात. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरातही दिशाभूल करणारीच मानली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल उत्पादकास, तसेच तिची भलावण करणाऱ्यास, दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसाच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. विक्रेता परराज्यातील असला तरी ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही.

पण पुरावाच नसेल तर हक्क असूनही उपयोग होत नाही. म्हणून बिल मागून घ्यावे, जाहिरातीची तारीख व वेळ टिपून ठेवावी, पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करावे आणि वेष्टनावर उत्पादक वा आयातदाराचे नाव, पत्ता व मूळ देश छापला आहे की नाही, हे पाहावे.

शिक्षकांनी एखादी जाहिरात वर्गात वाचून घ्यावी आणि तिच्यात काय सांगितले व काय वगळले, हे मुलांकडून लिहवून घ्यावे. पंचायत सदस्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ग्रामसभेत वाचून दाखवावा. पाचशे रुपयांसाठी तक्रार कोण करणार, या हिशेबावरच फसव्या विक्रेत्याचा व्यापार चालतो. गावोगावचे ग्राहक तक्रार करू लागले, तर त्याचा हा हिशेब चुकल्यावाचून राहणार नाही.