लस सर्वांची, इजा एकट्याची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. लसीकरणाविषयी संशय पसरविण्याचा माझा हेतू नाही. देवी या देशातून गेली, पोलिओही गेला. हे श्रेय लशींचे आहे, आणि त्या वस्त्यावस्त्यांतून पोचविणाऱ्या परिचारिकांचे व आशा भगिनींचेही. प्रश्न निराळा आहे. लक्षावधी मुलांमागे एखादे मूल लशीमुळेच जायबंदी होते. त्याच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा भार कोणी उचलावयाचा?

पोलिओचेच उदाहरण घ्या. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या थेंबांत जिवंत परंतु दुर्बल केलेला विषाणू असतो. कित्येक लाख डोसांमागे एखादे वेळी तो पुन्हा प्रबळ होतो आणि ज्या रोगापासून मुलाला वाचवावयाचे, तोच पांगळेपणा त्याच्या वाट्याला येतो. हे शास्त्राला मान्य आहे. २०१५ साली आपल्या देशात पोलिओच्या इंजेक्शनाची जोड दिली गेली आणि २०१६ मध्ये थेंबांतील एक प्रकारचा विषाणू वगळण्यात आला, त्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे हा धोका अज्ञात नव्हता. बहुसंख्यांच्या हितासाठी राज्यसंस्थेने तो समजून उमजून पत्करला. पत्करला तो योग्यच. परंतु धोका पत्करला सर्वांनी आणि त्याची किंमत मोजली एका घराने, हा कोणता न्याय?

आपला दिवाणी कायदा अशा वेळी पहिला प्रश्न विचारतो : चूक कोणाची? येथे चूक कोणाचीच नसते. लस शुद्ध होती, परिचारिकेचा हात स्वच्छ होता, डॉक्टर दक्ष होते. मग दावा फेटाळला जातो. अपराधी सापडल्यावाचून पीडित मानावयाचा नाही, अशी ही दृष्टी आहे. श्रमिकांच्या चळवळीने ती फार पूर्वीच मोडून काढली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून यंत्रात हात गेलेल्या कामगाराला मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. १९८२ साली मोटार वाहन कायद्यातही दोषाचा प्रश्न न काढता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद आली. रक्कम तुटपुंजी होती. तत्त्व मोठे होते.

लशींच्या बाबतीत हे तत्त्व इंग्लंडात कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. तेथे १९७३ पासून बाधित मुलांचे पालक संघटित झाले. मजूर पक्षाचे खासदार जॅक ॲशली यांनी त्यांची बाजू संसदेत लावून धरली. लॉर्ड पिअर्सन यांच्या आयोगाने १९७८ मध्ये अनुकूल शिफारस केली आणि १९७९ साली कायदा झाला : ८० टक्के अपंगत्व आलेल्यास १०,००० पौंड. ७० टक्के अपंग झालेल्या मुलाला मात्र एक पेनीही नाही! ही मर्यादा ६० टक्क्यांवर यावयास २००२ साल उजाडावे लागले.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू आपण लपवता कामा नये. त्या काळातील गाऱ्हाणी मुख्यतः डांग्या खोकल्याच्या लशीविषयी होती. वृत्तपत्रांनी भय वाढविले, लसीकरणाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते ते ३० टक्क्यांच्या घरात आले, आणि डांग्या खोकल्याच्या साथी परतल्या. पुढे १९८८ मध्ये लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्टुअर्ट-स्मिथ यांनी प्रदीर्घ सुनावणीनंतर निकाल दिला, की या लशीने मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध झालेले नाही. अशा अनेक मुलांच्या आजाराचे मूळ जनुकीय दोषात होते, असे २००६ च्या संशोधनात आढळले. यावरून काही जण म्हणतील, भरपाईची मागणीच पोकळ होती. मला तसे वाटत नाही. शास्त्राचा निर्णय लागेपर्यंत अपंग मूल थांबून राहू शकत नाही. शंकेचा फायदा द्यावयाचाच तर तो त्या मुलाला द्यावा. चार रक्कमा अधिक गेल्या तरी सरकारचे काही बुडत नाही.

अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने वेगळा मार्ग काढला. लशीच्या प्रत्येक डोसावर, ती जितक्या रोगांवर आहे तितक्या पटीने, ७५ सेंट कर बसतो व त्यातून निधी उभा राहतो. कोणत्या लशीनंतर किती काळात कोणती इजा झाली तर ती लशीमुळेच झाली असे मानावे, याचे कोष्टक कायद्यात आहे. वकिलाचा खर्चही त्या निधीतूनच होतो. त्याच कायद्याने कंपन्यांना बरेचसे अभय मिळाले, हा भाग आपल्याला खटकला पाहिजे.

आणि आपल्याकडे? औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्यास इजा झाली तर २०१९ च्या नियमांनी भरपाई मिळते. तीच लस राष्ट्रीय कार्यक्रमात आल्यावर ती घेणाऱ्या बालकासाठी मात्र संसदेने असा कायदा केलेला नाही. करोनाच्या लशीसंबंधी २०२२ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे. दिवाणी न्यायालयात जाणे म्हणजे काय, हे शेतमजुराच्या घरी जाऊन विचारा. ग्राहक न्यायालयाची वाटही त्याला बंद आहे. सर्वांना विनामूल्य मिळणारी सेवा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. खासगी दवाखान्यात पैसे मोजणारा निदान ग्राहक तरी ठरतो. सरकारी केंद्रावर रांगेत उभी राहणारी आई तेवढीही ठरत नाही.

म्हणून आपली मागणी निःसंदिग्ध हवी : दोष सिद्ध करण्याची अट नको, निधी सरकारचा व कंपन्यांचाही, निर्णय ठराविक मुदतीत, आणि एकरकमी पैशाबरोबर आजन्म उपचार व निवृत्तिवेतन.

तोवर वस्तीत असे कुटुंब भेटले, तर पुढील कामे विसरू नका. मुलाचे लसीकरण कार्ड जपून ठेवायला सांगा. डोसाची तारीख आणि लशीच्या बॅचचा क्रमांक लिहून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि जिल्हा समितीकडून तपास होईल याचा पाठपुरावा करा. रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. आणि धाकट्या भावंडाचे डोस चुकू देऊ नका. त्या आईबरोबर केंद्रावर स्वतः जा.