घरपट्टीचा हिशेब : बेहालाचे उदाहरण

सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचा महसूल घेण्याचा हक्क सावर्ण रायचौधुरी घराण्याने १६९८ साली १,३०० रुपयांस ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. हे घराणे बेहालातील बरिशाचे. कलकत्त्याच्या इतिहासाचे पहिले पानच असे करवसुलीचे आहे. परंतु कर कसा ठरतो, हे भरणाऱ्यास क्वचितच ठाऊक असते.

बेहाला पूर्वी साउथ सबर्बन नगरपालिकेत होते. जानेवारी १९८४ मध्ये ते कलकत्ता महानगरपालिकेत आले. त्या वेळच्या पद्धतीत आकारणीचा पाया भाडे हा होता. घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी वाजवीपणे जे भाडे येईल, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केले की वार्षिक मूल्य निघे. हे मूल्य ६०० ते १८,००० रुपयांच्या दरम्यान असल्यास त्यास ६०० ने भागून भागाकारात १० मिळवीत. तोच कराचा शेकडा दर. म्हणजे १,२०० रुपये मूल्यावर १२ टक्के, अर्थात १४४ रुपये; आणि ६,००० रुपयांवर २० टक्के, अर्थात १,२०० रुपये. मूल्य पाचपट झाले, पण कर आठपटींहून अधिक वाढला.

यावरून खरी मेख ध्यानात येते. ज्या घरात मालक स्वतःच राहतो, त्याचे भाडे कोणी दिलेलेच नसते. ते अधिकाऱ्याने अंदाजायचे असते. अंदाज थोडा चढला, तरी बोजा पुष्कळ चढतो. म्हणूनच कायद्याने हरकत घेण्याचा, सुनावणीचा आणि पुढे न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा मार्ग ठेवला.

१ एप्रिल २०१७ पासून कोलकात्यात क्षेत्रफळावर आधारलेली पद्धत आली. शहराच्या विभागांच्या सात श्रेणी पाडून प्रत्येकीस दर चौरस फुटाचे वार्षिक मूल्य नेमून दिले : सर्वांत वरच्या श्रेणीस ७४ रुपये, सर्वांत खालच्या श्रेणीस १३ रुपये. त्यास घराचे वय, बांधणी, वापर, रस्त्यालगतचे स्थान आणि मालक राहतो की भाडेकरू, यांच्या गुणकांनी गुणावयाचे. आकारणीचे विवरण मालकाने स्वतः भरावयाचे.

अंदाजाची जागा अशा रीतीने मोजपट्टीने घेतली. मात्र मोजपट्टी हाती आली म्हणजे न्याय आपोआप पदरी पडतो असे नव्हे. आपल्या घराची श्रेणी आणि गुणक ज्यास ठाऊक आहेत, त्यालाच चुकीच्या बिलावर बोट ठेवता येते. इतरांच्या वाट्यास केवळ कुरकुर उरते.